वर्षभराचा पास

‘पास’ हा शब्द आमच्या घरात दोनच अर्थांनी ओळखीचा होता. एक परीक्षेतला आणि दुसरा एस.टी.चा. पहिला आमच्या घराण्यात फारसा कोणाच्या वाट्याला आला नाही. बाबांनी चौथीत शाळा सोडली ती गुरे राखायला. आई धाकट्या मामाला कडेवर घेऊन शाळेच्या पायरीवर बसत असे. तिचा शाळेशी संबंध त्या पायरीपुरताच. दादा बारावी पास झाला आणि थांबला. मी मात्र पास होत होत द्वितीय वर्ष कला शाखेपर्यंत येऊन पोचले आहे. दुसरा पास माझ्या दप्तरात पाचवीपासून आहे. बारावीपर्यंत तो मुलींना फुकट असे. आता विद्यार्थी म्हणून एकतृतीयांश भाडे भरावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये एस.टी.ची भाडेवाढ झाली, १४.९५ टक्के, तेव्हा माझा पासही तेवढाच वाढला. तो परवडतो की नाही हे आमच्या घरात कोणी विचारले नाही. सतरा किलोमीटर चालत कॉलेजला येता येत नाही, म्हणून प्रश्नच उद्भवत नाही.

गेल्या दिवाळीत या शब्दाचा तिसरा अर्थ आमच्या घरात शिरला. तो दादाने आणला.

दादा आमच्या तालुक्यातल्या एका मनोरंजन उद्यानात कामाला आहे. उद्यान म्हटले की बाक, कारंजे आणि सुकलेली मेंदी डोळ्यांपुढे येते. हे तसे नव्हे. येथे माणसाला उलटे टांगणारे पाळणे आहेत, पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, आणि फाटकाशी तिकिटाची अशी किंमत आहे की ती ऐकूनच पोटात गोळा येतो, आत जावेच लागत नाही. नाव मी लिहीत नाही. दादाची नोकरी तिथेच आहे, आणि ती त्याला व आम्हां सर्वांना हवी आहे.

आमच्या वाडीपासून ते पायी पाऊण तासावर. वारा तिकडून असला की आमच्या ओटीवर किंकाळ्या ऐकू येतात. पहिल्या वर्षी आजी दचकून उठायची. “कुणाचं काय झालं गं?” मी सांगे, “काही नाही आजी, लोक मजा करताहेत.” यावर आजीने जे विचारले ते मी पुढे अर्थशास्त्राच्या तासालाही विसरू शकले नाही. ती म्हणाली, “पैसे देऊन वरडत्यात?” माझा धाकटा भाऊ बंड्या, इयत्ता सहावी, याला मात्र या किंकाळ्यांचे शास्त्र अवगत आहे. नुसत्या आवाजावरून तो सांगतो की आता जहाज वर गेले, आता मोठी गाडी कड्यावरून सुटली, आता पाण्यात पडले. शाळेत त्याला पाढे येत नाहीत. पण हा अभ्यास त्याने कोणी न शिकवता केला आहे.

तर वर्षभराचा पास. एकदाच पैसे भरायचे, फोटो लावलेले कार्ड घ्यायचे आणि वर्षभर हवे तितक्या वेळा आत जायचे. गेल्या वर्षी तो ४,२०० रुपयांना होता, यंदा ५,५०० झाला. कामगारांच्या घरच्यांना सवलतीचा दर आहे. तोही ३,२०० वरून ४,००० वर गेला. दादा सांगतो, भाव वाढल्यापासून नेहमीची येणारी मंडळी जहाजाच्या रांगेत उभ्या उभ्या त्यालाच विचारतात, “काय रे, अजून परवडतो का हा पास?” जणू काही किंमत दादाने ठरवली आहे! एक गृहस्थ तर कार्डाच्या पाकिटावर पेन्सिलीने उभ्या रेघा मारतात; प्रत्येक फेरीची एक. सहावी रेघ मारली की म्हणतात, “वसूल.” यंदा त्यांना सात माराव्या लागतील. दादा हे हसत हसत सांगत होता आणि जेवता जेवताच त्याने पिशवीतून एक कोरा फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला. “बंड्यासाठी घ्यावा म्हणतो. तू अर्थशास्त्रवाली, बघ परवडतो का.”

मंडळी, प्रश्न सोपा वाटला तरी तो सोपा नाही हे मला चार दिवसांत कळले. मी तो आमच्या अर्थशास्त्राच्या सरांपुढे ठेवला. त्यांना हसू येईल अशी माझी अपेक्षा होती. ते हसले नाहीत. ते म्हणाले की या प्रश्नावर १९७१ साली वॉल्टर ओई नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने एक गाजलेला निबंध लिहिला आहे आणि त्याच्या नावातच डिस्नेलँड आहे. त्यांनी फळ्यावर दोन रेघा काढून तो मला समजावून दिला. फाटकाशी पैसे घ्यावेत, की आतल्या प्रत्येक पाळण्याला वेगळे घ्यावेत, की दोन्ही? सगळी गिऱ्हाइके सारखीच शौकीन असतील तर मालकाचे हित यात आहे की आतला पाळणा खर्चापुरता स्वस्त ठेवावा आणि गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या आनंदाची जेवढी म्हणून किंमत होईल ती फाटकाशीच एकदम उचलावी. गिऱ्हाइके निरनिराळी असली की मात्र गणित बिघडते. कोणाला वर्षात एकदा यायचे असते, कोणाला दर आठवड्याला. कोणाचा खिसा मोठा, कोणाची हौस. मग एकाच फाटकावर निरनिराळ्या किमती लावण्याची कला सुरू होते. पास ही त्या कलेतली एक जागा आहे.

सरांनी एवढे सांगितल्यावर मला त्या डिस्नेलँडचेच कुतूहल वाटू लागले. ग्रंथालयातल्या संगणकावर मी दोन दुपारी घालवल्या. (ग्रंथपालांना वाटले मी परीक्षेचा अभ्यास करते आहे, त्यांनी पंखा माझ्याकडे वळवून दिला.) त्या दोन दुपारींतून जे हाती लागले ते सांगण्यासारखे आहे.

डिस्नेलँड उघडले १७ जुलै १९५५ रोजी, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, ॲनाहाइम गावच्या संत्र्यांच्या बागा तोडून केलेल्या जागेवर. तेव्हा मोठ्या माणसाला आत जायला एक डॉलर पडे. म्हणजे महागाई धरून आजचे सुमारे बारा. आतल्या प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे, अगदी आमच्या जत्रेतल्यासारखे. त्याच वर्षी तिकिटांची पुस्तके निघाली. अ, ब, क अशी अक्षरे. साध्या खेळाला पहिले अक्षर, भारी खेळाला पुढचे. १९५९ मध्ये ‘ई’ अक्षराचे तिकीट आले, ते सर्वांत भारी. १९८२ मध्ये ही पुस्तके बंद झाली आणि एकदा फाटकाशी पैसे भरले की आतले सारे मोकळे झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८४ मध्ये, तिथे वर्षभराचा पास निघाला. आपल्याकडे त्याच वर्षी दिल्लीत अप्पू घर उघडले. मुंबईजवळ गोराईला एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये आले. ही दोन्ही आज बंद आहेत. डिस्नेलँड चालू आहे.

आता किमतीकडे वळते. कोरोनाच्या साथीत ते उद्यान मार्च २०२० पासून एप्रिल २०२१ अखेरपर्यंत बंद होते. त्या काळात जुने पास रद्द झाले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मॅजिक की’ या नावाने नवे निघाले. जादूची किल्लीच म्हणा. सर्वांत महाग किल्ली १,३९९ डॉलरची, आणि तिच्यावर वर्षातला एकही दिवस बंद नाही असे सांगितलेले. सर्वांत स्वस्त ३९९ डॉलरची. ती फक्त दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना, म्हणजे आजूबाजूच्या लोकांना. तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, सर्वांत महाग किल्ली १,७४९ डॉलरची झाली आणि तिच्यावर नाताळातले दिवस बंद झाले. स्वस्त किल्ली ५९९ डॉलरची झाली.

येथे मी वही काढून भागाकार केले. महाग पास २५ टक्क्यांनी वाढला. त्याच अवधीत सर्वांत महाग दिवसाचे एका दिवसाचे तिकीट १५४ डॉलरवरून २०६ डॉलरवर गेले. ही वाढ जवळजवळ ३४ टक्के. म्हणजे गंमत पाहा. २०२१ मध्ये महाग पास वसूल व्हायला अशा नऊ दिवसांहून थोडे अधिक लागत; २०२४ मध्ये साडेआठच. भाव वाढूनही पास ‘अधिक परवडणारा’ झाला! पास स्वस्त झाला म्हणून नव्हे. एका दिवसाचे तिकीट त्याहून वेगाने पळाले म्हणून. साड्यांच्या दुकानात आधी चार हजारांची दाखवतात, मग अडीच हजारांची स्वस्त वाटते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून माझे मत असे झाले आहे की पास परवडतो का हे त्याला तिकिटाने भागून कळणार नाही. तिकीट आणि पास, दोन्ही एकाच मालकाने ठरवलेले. मोजायची पट्टीच त्याच्या हातातली.

आणि स्वस्त पास? तो ५० टक्क्यांनी वाढला. शेजारच्यांचा पास दूरच्या श्रीमंतांच्या पासाच्या दुप्पट गतीने वाढला. असे का, याचेही उत्तर सापडले. कंपनीच्या ऑगस्ट २०२२ मधल्या तिमाही अहवालात एक शब्दप्रयोग होता. त्याचे मराठीत भाषांतर करायचे तर ‘उपस्थितीचे प्रतिकूल मिश्रण’ असे होईल. पासवाले वरचेवर येतात, पण दर फेरीला खर्च थोडा करतात. लांबून एकदाच येणारा पाहुणा हात सैल सोडतो. फाटकातून जाणाऱ्या गर्दीत पासवाल्यांचे प्रमाण वाढले की कंपनीच्या दृष्टीने मिश्रण बिघडते. तिथल्या पासधारकांनी या शब्दांचा राग धरला, आणि तो मला समजू शकतो. दुधात पाणी असते तशी माणसात माणसाची भेसळ! मी हे घरी सांगितले तेव्हा दादा म्हणाला, “आमच्याकडे हा शब्द नाही, पण बघायची रीत तीच.”

आणखी एक हकीकत त्या उद्यानाचीच. जो महाग पास ‘एकही दिवस बंद नाही’ म्हणून विकला होता, तो असूनही आधी जागा राखून ठेवावी लागे. आणि ठरावीक दिवशी पासवाल्यांसाठी जागा शिल्लक नसे, जरी त्याच दिवसाची तिकिटे मिळत असत. एका पासधारक बाईने २०२१ च्या अखेरीस दावा लावला. कंपनीने आपली चूक मान्य केली नाही. पण तडजोडीत ९५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. असे पासधारक सुमारे एक लाख तीन हजार होते. वाट्याला फार काही आले नसणार.

पास हातात आणि दार बंद, हे दुःख मला अमेरिकेत जाऊन शिकायला नको. मी दहावीत होते तेव्हा, नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२, एस.टी.चा संप होता. माझ्याकडे फुकटचा पास होता, आणि गाडीच नव्हती. आम्ही चौघी मुली रोज सहा किलोमीटर चालत जात असू. मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षेला बाबांनी दुधाच्या टेंपोवाल्याला सांगून ठेवले होते. तेव्हापासून पासावर काय लिहिले आहे याहून गाडी येते का, हे मी आधी विचारते.

असो. सरांनी मला आणखी दोन अभ्यासांची ओळख करून दिली, ती येथे सांगितली पाहिजे. कारण कॉलेजच्या व्यायामशाळेचे वार्षिक सभासद झालेले अनेक वाचक या अंकाला लाभतील. २००६ मध्ये डेलाविन्या आणि मालमेंडियर या दोघा संशोधकांनी अमेरिकेतल्या व्यायामशाळांच्या नोंदी तपासल्या. दहा डॉलरला एक वेळ जाता येत असताना लोक महिन्याला सत्तर डॉलरांवरची वर्गणी भरत होते आणि महिन्यातून सरासरी साडेचार वेळाही जात नव्हते. म्हणजे एका वेळेला त्यांना सतरा डॉलरांहून अधिक पडत होते. माणूस पास घेतो तो आपण आज जसे आहोत तसा घेत नाही. उद्यापासून जसे होणार आहोत त्या माणसासाठी घेतो. दुसरा अभ्यास १९८५ चा, आर्क्स आणि ब्लूमर यांचा. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाचा हंगामी पास काहींना पूर्ण किमतीत दिला, काहींना सवलतीत. हंगामाच्या पहिल्या निम्म्यात पूर्ण पैसे भरलेले लोक अधिक नाटकांना गेले. नाटके तीच, नट तेच. गेलेला पैसा परत येत नाही हे ठाऊक असूनही तो माणसाला मागून ढकलत राहतो. पाकिटावर पेन्सिलीच्या रेघा मारणारे ते गृहस्थ मला येथे आठवले. पाचव्या-सहाव्या वेळी ते हौसेने येतात की रेघेसाठी, हे त्यांनाच विचारायला हवे. दादा म्हणतो, ते जहाजात बसतसुद्धा नाहीत. बाकावर बसून मुलांच्या चपला सांभाळतात.

जत्रेत असे काही नसते. आमच्या देवीच्या जत्रेला पाळणेवाला येतो. एका फेरीचे पन्नास रुपये. पैसे संपले की आनंद संपला, दोन्ही बरोबर. वसुलीची चिंता नाही. शेवटच्या रात्री सामान बांधण्याआधी तो वाडीतल्या पोरांना एक फेरी फुकट देतो. यावर कोणी निबंध लिहिलेला नाही.

आता आईविषयी सांगते. कामगारांना वर्षातून दोन पाहुणे फुकट नेता येतात. पहिल्या वर्षी बाबा म्हणाले, “मला नको तो गरागरा प्रकार,” आणि आई व मी गेलो. मी बारावीत होते. आईने लग्नातली जांभळी साडी नेसली होती. डब्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. तो फाटकाशी काढून ठेवावा लागला. बाहेर वीस रुपयांना मिळणारा वडापाव आत सत्तरला. आई म्हणाली, “भूक नाही,” आणि ती दिवसभर खरेच काही खाल्ली नाही. मी दोन पाळण्यांत बसले. मला चक्कर आली, मजाही आली. पण ते सोडा. आई एकाही पाळण्यात बसली नाही. ती जहाजाच्या उतरायच्या वाटेसमोर कठड्याला टेकून उभी राहिली. दादा निळ्या टोपीत होता. जहाज थांबले की तो प्रत्येकाच्या पुढ्यातला लोखंडी दांडा वर उचलायचा आणि म्हणायचा, “आराम से उतरिए, सामान देख लीजिए.” मग नव्या माणसांना बसवायचे, एकेक दांडा हाताने ओढून बघायचा, अंगठा वर करायचा. जहाज वर जायचे, लोक ओरडायचे. पुन्हा तेच. आईने हे किती वेळा पाहिले असेल! मी म्हटले, “आई, चल ना, पाण्याकडे जाऊ.” ती म्हणाली, “थांब गं. एवढ्या माणसांचा जीव त्याच्या हातात हाय. एक बी दांडा त्यानं वगळला नाही.”

आईला शिक्षणातले काही कळत नाही, पण दादाने बारावीनंतर कॉलेजचा अर्ज का भरला नाही हे तिला पक्के कळते. मलाही कळते. एका घरातून एकाच वेळी दोघांनी तालुक्याला जाणे झेपणारे नव्हते. त्या संध्याकाळी परतताना तिने मला विचारले, “रोज आत यायचं असलं तर किती पडतं?” मी वर्षभराच्या पासाची तेव्हाची किंमत सांगितली. ती गप्प झाली. पाळण्यासाठी विचारत नव्हती ती.

दादाने फॉर्म पुढे ठेवला त्या रात्री आईने मला पुढचा हिशेब विचारला नाही, स्वतःच केला. “चार हजार म्हणजे लावणीचे अकरा-बारा दिवस.” माझ्या पद्धतीने तेच चार हजार म्हणजे दोन सत्रांचे परीक्षा शुल्क, पुस्तके आणि तीन महिन्यांचा एस.टी.चा पास. बाबांच्या पद्धतीने काय हे ते बोलले नाहीत. त्यांनी फक्त पानाला चुना लावला.

मी मात्र बंड्याचे वर्ष कागदावर मांडले. सवलतीचा पास शनिवार, रविवार आणि सणासुदीला चालत नाही. सोमवार ते शुक्रवार बंड्याची शाळा. ज्या दिवशी पोर मोकळे, त्या दिवशी पास बंद. ज्या दिवशी पास उघडा, त्या दिवशी पोर बाकावर! हा पास कोणासाठी काढला आहे, असा मला प्रश्न पडला. नोकरी करणाऱ्याला तो चालत नाही, शाळेत जाणाऱ्याला चालत नाही. राहिले म्हातारे आणि बेकार. आणि म्हाताऱ्यांना आमच्या आजीसारखे ओरडण्याचे प्रयोजन कळत नाही. तरी मे महिन्याच्या सुट्टीतले सोमवार ते शुक्रवार धरले, दिवाळीतले चार-पाच दिवस धरले, तर तीस दिवस निघतात. चार हजार भागिले तीस, म्हणजे फेरीला १३३ रुपये. फाटकावर लहान मुलाचे साध्या दिवसाचे तिकीट ९००. पाचव्या फेरीलाच पास वसूल. खाण्यापिण्याचा खर्च शून्य, कारण तो घरून जेवून चालत जाईल. गाडीखर्च नाही. बंड्याइतका हा पास परवडणारा माणूस सबंध तालुक्यात सापडणार नाही. आणि त्याच्याइतके ‘प्रतिकूल मिश्रण’ही दुसरे सापडणार नाही.

शहरातून दीड तास गाडी हाकत येणाऱ्यांना मात्र मी सांगेन, यंदाच्या भावाने घेऊ नका. पेट्रोल, टोल आणि आतले जेवण धरले की सातवी फेरी तुम्हांला पहिलीइतकीच महाग पडेल, आणि पहिलीइतकी गंमत तिच्यात असणार नाही. सीमांत उपयोगिता घटत जाते हे आम्हांला प्रथम वर्षातच शिकवले आहे. वर्षातून एकदा या, तिकीट काढा, पोटभर ओरडा आणि घरी जा. पास परवडतो तो शेजाऱ्याला. अडचण एवढीच की शेजारी म्हणजे आम्ही.

हे सगळे मी घरी वाचून दाखवले. बाबांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, “रोज उठून तिथं जाऊन करायचं काय? आठ दिवसांत विटेल पोरगं.” हा प्रश्न आर्क्स आणि ब्लूमर यांच्याहून वेगळा नाही. दादा म्हणाला, “विटू दे. विटेपर्यंत तरी बघू दे. आपण मोठे झालो ते आवाज ऐकत.” यावर बाबा उठून गोठ्याकडे गेले. दादा असे फार क्वचित बोलतो.

बंड्याचे म्हणणे वेगळेच. मोठ्या गाडीत बसायला उंची १४० सेंटिमीटर लागते. त्याने दाराच्या चौकटीवर खडूने खूण करून ठेवली आहे. तो तीन बोटे कमी पडतो. तो म्हणाला, “एका दिवसाचं तिकीट काढलं तर त्या दिवशी मी तेवढाच असणार. वर्षाचा पास असला तर वर्षात केव्हातरी पुरेन की.” वार्षिक पासाच्या बाजूने इतका बिनतोड मुद्दा मला दोन दुपारींच्या वाचनात मिळाला नव्हता. मी तो सरांना सांगितला. ते या वेळी मात्र हसले, आणि म्हणाले, तुझ्या भावाला अर्थशास्त्र घ्यायला सांग.

माझे स्वतःचे काय मत, असे कोणी विचारील. हिशेबाने पास घ्यावा असे निघते. घरच्या डब्यातले पैसे मोजले की घेऊ नये असे निघते. त्या डब्यातून माझेही परीक्षा शुल्क जायचे आहे. दादा म्हणतो, “तुझं तू बघू नको, ते मी बघतो.” त्याचे बघणे म्हणजे काय हे मला ठाऊक आहे: सुट्टीच्या दिवशीचा जादा हजेरीचा भत्ता. त्याने यंदा दसरा, दिवाळी आणि २६ जानेवारी तिन्ही दिवस जहाजाशी उभे राहून काढले. पासावर जे दिवस बंद असतात, नेमके तेच. मी दादाला एवढेच सांगितले आहे की फॉर्मवर माझी सही लागत असेल तर मी करीन, आणि दुसऱ्या सत्राची पुस्तके मी ग्रंथालयातून वापरीन. ग्रंथपाल ओळखीचे झाले आहेत.

फॉर्म भरायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. हा अंक छापून तुमच्या हाती येईल तेव्हा ती उलटून गेलेली असेल. कार्डावर फोटो लागतो म्हणून आईने काल बंड्याला केस कापायला पाठवले. बाबा अजून हो म्हणालेले नाहीत. न्हाव्याचे पैसे मात्र त्यांनीच दिले.